पानिपतची एक गोळी आणि नारळीकरांची विज्ञानकथा

दिल्लीच्या आसपासचा मराठी इतिहास सांगायचा म्हटलं की पानिपत टाळता येत नाही. आज मात्र आपण लढाईच्या वाटेने पानिपतला जाणार नाही. आज तिथे एका विज्ञानकथेच्या वाटेने जायचं आहे.

याला कारण आहे. ही मालिका ऐकणारी काही तरुण मंडळी स्वतः लिहितात, आणि त्यांचा एक प्रश्न वारंवार येतो. विज्ञानातला खरा शोध वाचायचा आणि त्यावरून काल्पनिक कथा लिहायची, हे नेमकं जमतं कसं? शोध खरा, कथा खोटी. मग दोघांचा सांधा कुठे असतो? इतिहासाच्या मालिकेत हा प्रश्न मी घेतो आहे, कारण मराठीतलं त्याचं एक उत्तम उदाहरण आपल्या दाराशीच घडतं. पानिपत हा जिल्हा आज सरकारी नकाशावर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्येच मोडतो. दिल्लीहून साधारण ९० किलोमीटर. सकाळी निघालं तर काला अंबचं स्मारक बघून जेवायला घरी परत येता येतं.

ती कथा म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आणि ही कथा दिल्लीतल्या मुलांना माहीत आहे, फक्त त्यातल्या अनेकांना ती मूळ मराठी आहे हे माहीत नाही. अरविंद मार्गावरच्या एनसीईआरटीने २००६ साली अकरावीसाठी ‘हॉर्नबिल’ नावाचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. त्यात ‘द ॲडव्हेंचर’ नावाचा धडा आहे. तीच ही कथा, इंग्रजी रूपात. गुरुग्रामच्या, नोएडाच्या, खुद्द पानिपतच्या शाळांतल्या मुलांनी ती प्रश्नोत्तरांसाठी वाचली. आपली मराठी मंडळी ज्या प्रश्नाने अडीचशेहून अधिक वर्षं बेचैन आहेत, तो प्रश्न अशा रीतीने परीक्षेला आला.

प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?

आधी या ‘तर’चं वय बघू. हा प्रश्न नारळीकरांनी शोधलेला नाही. पानिपतच्या दुसऱ्याच दिवसापासून लोक तो जगत होते. सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि ते गेले यावर कित्येकांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुणे दरबाराला त्या प्रकरणाने घोर लावला. पंधरा वर्षं! इतका काळ लोकांच्या मनात एक दुसरं पानिपत चालू होतं, ज्यात भाऊ जिवंत होते. भाषेतही तो सल उतरला. पुरता बोजवारा उडाला की आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो. ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’ ही कोटी अजून घराघरांत ऐकू येते.

म्हणजे कल्पनाविलास होताच. नारळीकरांनी काय आणलं, तर त्या विलासाला एक शिस्त आणली. ती शिस्त त्यांनी त्यांच्या काळातल्या विज्ञानातून घेतली. माझं आजचं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे.

नारळीकर कोण हे सांगायची गरज नाही, तरी संदर्भापुरतं सांगतो. जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. बालपण बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे आपल्यासारखंच, हिंदी मुलखातलं मराठी घर. पुढे केंब्रिज. तिथे त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल. हॉइल खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय कादंबरीकार होते. ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची कादंबरी १९५७ ची. आपण ज्यावर संशोधन करतो त्याचीच गोष्ट सांगता येते, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिलेलं होतं. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून बनवलेलं नाव! परीक्षकांनी नाव बघून नव्हे, कथा बघून ठरवावं, एवढाच हेतू. कथेला बक्षीस मिळालं. कृष्णविवरं हा तेव्हा ताजा विषय होता, आणि प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो हा आइन्स्टाइनच्या सिद्धांतातला खरा निष्कर्ष आहे. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला होता.

आता गंगाधरपंतांकडे येऊ. ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवट कळल्याने तिची मजा जात नाही.

गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक. पाच खंडांचा भारताचा इतिहास त्यांच्या नावावर, आणि ९९९ सभांचं अध्यक्षपद. हजाराव्या भाषणाचा विषय ठरलेला आहे: पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं? याच विचारात असताना त्यांची एका ट्रकशी टक्कर होते, आणि मग ते एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे. मुंबई भाडेकराराने ब्रिटिशांकडे आहे. बाकीचा देश स्वतंत्र आणि स्वतःच्या पायावर उभा आहे. हे काय झालं म्हणून बिचारे टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःचेच पाच खंड मागवतात. पहिले चार जसेच्या तसे. अशोक तोच, समुद्रगुप्त तोच, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत काही बदल नाही. बदल पाचव्या खंडात. मग ते शेवटाकडून मागे वाचत येतात आणि दोन इतिहास जिथे फुटतात ती जागा शोधून काढतात. ती जागा म्हणजे पानिपत. तिथल्या बखरीत गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली आहे.

ही पद्धत लक्षात घ्या. दोन नमुने शेजारी ठेवायचे, सारखं ते वगळायचं, फरक नेमका कुठे सुरू होतो ते हुडकायचं. हे प्रयोगशाळेतलं काम आहे आणि चांगल्या दप्तरखान्यातलंही. नारळीकरांनी नायक इतिहासकार ठेवला आणि खुलासा करणारा मित्र, राजेंद्र देशपांडे, विज्ञानाचा माणूस ठेवला. कथेच्या शेवटी दोघे समोरासमोर बसतात. तिथे राजेंद्र दोन सिद्धांत पुढे करतो, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला कॅटॅस्ट्रॉफी थिअरी. फ्रेंच गणितज्ञ रने तोम यांनी १९७२ च्या पुस्तकात तो मांडला. हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. गणितातलं फील्ड्स पदक त्यांना १९५८ मध्येच मिळालं होतं. सिद्धांताचा गाभा असा की कारणं हळूहळू बदलत असतात, पण परिणाम कधी कधी एकदम उडी मारतो. प्लॅस्टिकची पट्टी दोन टोकांनी दाबत जा. ती वाकते, वाकते, आणि मग एका क्षणी मधल्या बोटाच्या हलक्या रेट्याने खटकन दुसऱ्या बाजूला जाते. ब्रिटनचे ख्रिस्तोफर झीमन यांनी हे कुत्र्याच्या उदाहरणाने लोकांपर्यंत नेलं. कुत्र्यात राग आणि भीती दोन्ही एकदम वाढवत नेले, तर ते मध्यम वागत नाही. एक तर अंगावर येतं, नाहीतर शेपूट घालून पळतं. आणि या दोन वागण्यांमधलं अंतर एका क्षणात पार होतं.

आता हे सैन्याला लावून बघा. दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी दिसत होती. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांना मागे रेटलं होतं, हुजुरात अफगाण वजिराच्या फळीत घुसली होती. राजेंद्र म्हणतो की तराजू असा तोललेला असताना विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले ते पुन्हा दिसले नाहीत, आणि सैन्याची हिंमत एकदम खचली. लढणारी फौज पळणारी फौज झाली. झीमनच्या कुत्र्याचंच हे चित्र.

दुसरा सिद्धांत क्वांटम यांत्रिकी. बंदुकीची गोळी कुठल्या दिशेने, किती वेगाने सुटली हे कळलं तर ती पुढच्या क्षणी कुठे असेल हे सांगता येतं. इलेक्ट्रॉनबद्दल असं सांगता येत नाही. तो इथे सापडण्याची शक्यता इतकी, तिथे सापडण्याची इतकी, एवढंच गणित सांगतं. मग ज्या शक्यता घडल्या नाहीत त्यांचं काय झालं? १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या ह्यू एव्हरेट या तरुणाने आपल्या प्रबंधात जे उत्तर दिलं ते ऐकून लोक थक्क झाले. सगळ्याच शक्यता घडतात, प्रत्येक वेगळ्या शाखेत. आपण त्यातल्या एकीत असतो. राजेंद्र याच कल्पनेवर उभा राहून म्हणतो की गंगाधरपंत दुसऱ्या शाखेत जाऊन आले. अणू जशी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी घेतो, तशी त्यांनी घेतली. टक्कर झाली तेव्हा डोक्यात पानिपतच होतं, तेच बहुधा निमित्त झालं.

आता सांधा कुठे आहे ते बघा. गोळी आणि इलेक्ट्रॉन यांत फार मोठं अंतर आहे. शिशाच्या गोळीची क्वांटम अनिश्चितता इतकी नगण्य असते की ती शून्य धरायला कोणाचीच हरकत नसावी. गोळी चुकायची कारणं साधी होती. त्या काळच्या बहुतेक बंदुकांच्या नळीला आतून आटे नसत, गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे, आणि ती शेवटी नळीच्या कुठल्या बाजूला घासून सुटते यावर तिचा रोख ठरे. त्यात धूर, धूळ. तेव्हा ‘इलेक्ट्रॉन अनिश्चित, म्हणून विश्वासराव वाचले’ असं विज्ञान म्हणत नाही. आणि नारळीकर हे लपवत नाहीत! गोळी आणि इलेक्ट्रॉन यांतला फरक त्यांनी राजेंद्रच्याच तोंडी घातला आहे. विज्ञान कुठवर येतं ते आधी दाखवलं, आणि मग वाचकाला सांगून सवरून एक उडी मारली.

कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचंही तसंच. झीमन आणि मंडळींनी ती माणसांच्या वागण्याला, समाजाला लावायला सुरुवात केली तेव्हा १९७७–७८ च्या सुमारास तिच्यावर कडक टीका झाली. राग किती, भीती किती, हे आकड्यात मोजायचं कसं, असा टीकाकारांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. शोधनिबंधात अडणारी गोष्ट कथेत मात्र चालून गेली. कारण कथेला आकडा नको होता, तिला घटनेचा आकार हवा होता. हळूहळू ताण आणि मग अचानक उडी, हा तो आकार.

या विज्ञानाने कथेचं काय भलं केलं? माझ्या मते त्याने लेखकाचे हात बांधले. पानिपत जिंकण्याची स्वप्नं आपण किती सढळ हाताने रंगवतो ते आठवा. सूरजमल जाट सोडून गेला नसता, शुजा आपल्याकडे आला असता, बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा लवाजमा बरोबर नसता, होळकरांचं ऐकलं असतं. चहाच्या एका पेल्यात आपण दहा गोष्टी बदलतो. नारळीकरांनी स्वतःला एकच बदल करू दिला, गोळीच्या जाडीएवढा. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून मग पुढे काय काय होतं ते बघायचं. अशी अट घातली की कथा तपासता येते. माझ्यासारखा इतिहासाचा माणूस तिच्याशी भांडू शकतो. आता मी तेच करणार आहे.

पहिली तक्रार. गोळी सुटण्याआधी अडीच महिने तराजू कलत होता. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधोमध बसला. भाऊ उत्तरेला, शत्रू दक्षिणेला, म्हणजे घराच्या वाटेवर. दिल्लीहून येणारी रसद तुटली. दुआबातून अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत अन्न नव्हतं, जनावरं मरत होती. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. शिवाय दुपारी अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज मैदानात लोटली. उंटांवरच्या जंबुरक्यांचा मारा सुरू झाला. विश्वासराव सुखरूप असते तरी हे सगळं व्हायचंच होतं.

गंमत अशी की ही तक्रार कथेच्या विरोधात जात असली तरी सिद्धांताच्या बाजूने जाते. तोम आणि झीमन हेच सांगतात की शेवटचा रेटा कितीही हलका असो, पट्टी आधी कोणी आणि किती दाबत आणली ते बघा. हळू बदलणारी कारणं म्हणजे भूक, थंडी, तुटलेली वाट. पानिपतवर बोलताना आपण गोळीवर अडून बसतो, कारण गोळीचं दुःख करता येतं. रसदीच्या हिशेबाचं दुःख कोण करणार?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती दिल्लीची आहे. कथेतल्या दुसऱ्या इतिहासात मराठे जिंकतात आणि तरीही दिल्लीच्या बादशहाला गादीवरून काढत नाहीत. राजकीय सोयीसाठी तो नामधारी ठेवला जातो, सूत्रं पुण्याच्या हाती. पुढे लोकशाही येते, पेशवे मागे पडतात, पण बादशहा शिक्के मारायला शिल्लक राहतो. वाचताना हे चमत्कारिक वाटतं. पण मंडळी, हे आपल्याच इतिहासात घडून गेलं आहे, पानिपत हरल्यावरही! माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७७१ मध्ये मराठे दिल्लीत परतले. जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम त्यांच्या आधाराने लाल किल्ल्यात आला. पानिपतला पायाला जबर जखम होऊनही बचावलेले महादजी शिंदे पुढे बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे मिळवून बसले. गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा १७८८ मध्ये दिल्ली सोडवली ती महादजींच्याच फौजेने. म्हणजे ज्या दिल्लीचं चित्र गंगाधरपंतांना दुसऱ्या विश्वात दिसलं, तिचा एक तुकडा याच विश्वात, याच शहरात काही वर्षं प्रत्यक्ष नांदून गेला.

मग तो टिकला का नाही? त्याचं उत्तर पानिपतला सापडत नाही. ते सापडतं नोएडात. नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये एक जुना स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकने यमुनेच्या या काठावर, पटपडगंजच्या लढाईत, शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याचं ते स्मारक. त्या दिवसानंतर बादशहा कंपनीच्या छत्राखाली गेला आणि मराठ्यांची दिल्ली संपली.

शिंद्यांची ती फौज मागासलेली मुळीच नव्हती. महादजींनी द ब्वान्य या फ्रेंच बोलणाऱ्या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. आग्र्याला तोफा ओतल्या जात होत्या. पण कवायतीचं शास्त्र आणि हुकूम देणारी वरची फळी बहुतांशी युरोपियनांच्या हाती राहिली. १८०३ मध्ये कसोटीची वेळ आली तेव्हा सेनापती पेराँ लढाईच्या आधीच नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला, बाकीच्यांतलेही बरेच सटकले. पटपडगंजला नेतृत्व करणाऱ्या बूर्क्यँनेही थोड्याच दिवसांत शरणागती पत्करली. विद्या भाड्याने आणली होती, ती भाडं संपल्यावर निघून गेली.

आता कथेतला तो परिच्छेद पुन्हा वाचा, जो धडा शिकताना मुलं भराभर ओलांडून जातात. कथेतले पेशवे एकोणिसाव्या शतकात युरोपात उगवणारं तंत्रयुग ओळखतात आणि स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. कंपनी तज्ज्ञ देऊ करते. ते तज्ज्ञ घेतले जातात, पण आपली केंद्रं स्वयंपूर्ण होईपर्यंतच. नारळीकरांच्या भारताचं वेगळेपण खरं तर इथे ठरतं. गोळी चुकल्याने अब्दाली हरेल, विश्वासराव पेशवे होतील, पण तेवढ्याने प्रयोगशाळा कशी उभी राहील? कथेत दोन बदल आहेत. एकाला विज्ञानाचा आधार दिलेला आहे. दुसरा लेखकाने आपल्या इच्छेने, गुपचूप आत आणला आहे. आणि मला विचाराल तर दुसराच मोठा आहे. विजयाच्या स्वप्नात आपण पहिला बदल मोठ्याने सांगतो आणि दुसरा विसरतो.

हा दुसरा बदल किती मोठा होता, हे त्याच वर्षाच्या पंचांगात दिसतं. पानिपतनंतर एक-दोन दिवसांतच तिकडे दक्षिणेत पाँडिचेरी फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेली. आणि ६ जून १७६१ ला शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर मोजायची ती दुर्मिळ संधी होती, आणि त्यासाठी युरोपातून माणसं जगभर पाठवली गेली होती. फ्रान्सचा ल जांती पाँडिचेरीला निघाला होता; शहर पडल्यामुळे त्याला उतरता आलं नाही आणि त्याने ते हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहिलं, मोजमापाला निरुपयोगी. मद्रासला हर्स्ट नावाच्या पाद्र्याने ते टिपलं. याच भूमीवरून, पानिपतनंतर पाच महिन्यांच्या आत. आपल्या दरबारात त्या जूनमध्ये शोककळा होती. नानासाहेब पेशवे २३ जूनला पर्वतीवर गेले. त्या दुःखाला कोणी नावं ठेवू नयेत. पण जगाचा इतिहास ज्या फाट्यावर वळत होता, तो फाटा नुसता पानिपतच्या मैदानात नव्हता. तो दुर्बिणीच्या टोकाशीही होता, आणि तिथे आपलं कोणी उभंच नव्हतं.

इथे मला कथेतला आझाद मैदानावरचा प्रसंग आठवतो. स्वप्नातल्या त्या विजयी देशात एक सभा चालू असते आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी. गंगाधरपंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात आणि भाषण ठोकू लागतात. तिथल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांची प्रथाच टाकून दिलेली असते. श्रोते चिडतात, हाती येईल ते फेकतात आणि शेवटी त्यांना व्यासपीठावरून ओढून काढतात. नेमका तिथेच ते आपल्या जगात परत येतात. हसू येतं, पण नारळीकरांनी इथे आपल्याला बारीक चिमटा काढला आहे. जिंकलेल्या इतिहासात गेलो तरी आपल्या सवयी आपल्याबरोबर येतात. परत आल्यावर गंगाधरपंत ठरवतात की हजारावं भाषण आता करायचं नाही. पुरावा म्हणून त्यांच्या खिशात एकच गोष्ट उरते, बखरीचं फाटकं पान. इतिहासकाराला लेखकाने दिलेली ही भेट मला फार आवडते. अख्खं विश्व बघून आलात, पण म्हणणं मांडायचं तर हातात कागद हवा.

तेव्हा लिहिणाऱ्या तरुण मंडळींना माझं उत्तर असं. शोध वाचल्यावर ‘यावरून काय काय होऊ शकेल’ हे मागाहून विचारा. आधी विचारा की हा शोध मला काय करू देत नाही. एव्हरेटचा सिद्धांत मनासारखं विश्व निवडू देत नाही. कॅटॅस्ट्रॉफी थिअरी कारणांवाचून उडी मारू देत नाही. ती बंदी पाळा, आणि जिथे तुम्ही ती मोडाल तिथे वाचकाच्या डोळ्यांदेखत मोडा. विषय शोधायला लांब जायला नको. पानिपतऐवजी त्याच वर्षीचा ६ जून घ्या. पुण्यात किंवा दिल्लीत, एखाद्या ज्योतिषाच्या घरात, एखाद्या दुपारी कोणी दुर्बीण आणून ठेवली असती तर? ती कोणी आणली, पैसे कोणी दिले, काच कोणी घासली, आणि त्याचा मुलगा पुढे काय शिकला? यात हत्ती नाहीत, तोफा नाहीत. लिहायला अवघड आहे. पण ती कथा कोणी लिहिली, तर मी ती इथे आवर्जून वाचून दाखवीन.

आणि १४ जानेवारीला पानिपतला जाणारे आपल्यात बरेच आहेत. हरियाणातला रोड समाज, जो स्वतःला त्या लढाईतून मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो, त्यांची माणसंही तिथे भेटतात. जरूर जा. फक्त यंदा येताना एक वाकडी वाट करून नोएडाचा तो स्तंभही बघा. एका दिवसात दोन्ही होतात. पुढच्या भागात आपण महादजींच्या दिल्लीतच थोडं थांबणार आहोत. भेटूया.